वाचकांचे प्रश्न : छडी हातात घेतलेला माणूस नेमकं करतो काय?

गेल्या अंकात कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक, झुबिन मेहतांवर लेख होता. मुंबईतलं बालपण, मग व्हिएन्ना, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क असा त्यांचा प्रवास त्यात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी त्यांच्या आयुष्यापेक्षा त्यांच्या कामाबद्दलच विचारलं आहे. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेगीतांचा रंगमंचावरचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र तो शब्द पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी, म्हणजे ८० ते १०० वादकांच्या वाद्यवृंदासाठी वापरला आहे.

प्रश्न : प्रत्येक वादकासमोर कागद असतो, सगळे तयारीचे असतात. मग कंडक्टर लागतोच कशाला? (एक वाचक, नाशिक)

कागद असतो, पण त्यावर त्या वादकाचा स्वतःचाच भाग लिहिलेला असतो. शेजारी काय वाजतंय ते त्यावर नसतं. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत, म्हणजे चार भागांच्या मोठ्या रचनेत, ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणारे पहिले तीन भाग गप्प बसून असतात. वीसेक मिनिटांनी, चौथ्या भागाच्या पहिल्याच ठोक्याला त्यांना पूर्ण ताकदीनं वाजवायचं असतं. थंड पडलेलं वाद्य आणि कोरडे ओठ घेऊन. त्या क्षणाआधी कुणीतरी त्यांच्याकडे बघायला हवं. सगळ्यांचे भाग एकाखाली एक छापलेली प्रत, म्हणजे स्कोअर, फक्त कंडक्टरपुढे असते.

दुसरं कारण अंतराचं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मागच्या रांगेतला ड्रमवाला पुढच्या व्हायोलिनपासून १५ मीटरवर असेल, तर व्हायोलिनचा सूर त्याच्या कानावर सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा येतो. तो ऐकून वाजवायला गेला तर प्रेक्षकांना त्याचा ठोका त्याच्या दुप्पट मागे ऐकू येईल, कारण त्याचा आवाजही तेवढंच अंतर कापून पुढे येणार. म्हणून मागच्यांनी कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा असतो. आणि डोळ्याला दिसेल अशी एकच गोष्ट सर्वांसमोर असते, ती म्हणजे कंडक्टरचा हात.

संचालकाशिवाय वाजवणारे वृंदही आहेत. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून तसाच चालतो. पण तो आकारानं लहान आहे. शिवाय जो निर्णय एकानं घ्यायचा तो सगळ्यांनी चर्चा करून घ्यायचा म्हटल्यावर तालमीला वेळही जास्त जातो.

प्रश्न : हात हलवण्याला काही नियम आहेत का, की ज्याला जसं सुचेल तसं? (ठाणे)

नियम आहेत, आणि ते तासाभरात शिकता येतात. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा, आवर्तनासारखा गट. चार मात्रांचा बार असेल तर उजवा हात पहिल्या मात्रेला खाली, दुसऱ्याला डावीकडे छातीसमोर, तिसऱ्याला बाहेर उजवीकडे, चौथ्याला वर. तीन मात्रांना खाली, उजवीकडे, वर. दोनाला खाली आणि वर. आपल्या समेसारखी पहिली मात्रा कायम खाली येते, त्यामुळे बार मोजताना चुकलेला वादक वर बघून पुन्हा जागेवर येऊ शकतो.

टाळी-खालीची सवय असलेल्यांना इथे एक फरक जाणवेल. टाळीला आवाज असतो, कंडक्टरच्या हाताला नसतो. म्हणून हवेतल्या एका ठरावीक बिंदूवर हात टप्पा घेतल्यासारखा उसळावा लागतो. जमिनीवर पडणारा चेंडू खाली येताना वेग घेतो, टेकतो आणि उसळतो. तो टेकण्याचा क्षण कधी येणार हे आपल्याला आधीच कळतं. वादकांनाही तसंच कळायला हवं. नवशिक्याचा हात बहुधा गोल गोल, मऊ फिरतो. दिसायला छान दिसतं, पण ठोका नेमका कुठे पडला ते समोरच्या ८० जणांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

खरी परीक्षा पहिल्या सुराच्या आधी असते. संगीत सुरू होण्यापूर्वी कंडक्टर एक तयारीचा ठोका देतो. त्याला अपबीट म्हणतात. त्या एका हालचालीत लय किती, आवाज किती मोठा, सूर टोकदार हवा की गोलसर, हे सगळं यावं लागतं. फुंकून वाजवणाऱ्यांना त्याच वेळात श्वास घ्यायचा असतो, म्हणून चांगला कंडक्टर अपबीटबरोबर स्वतःही श्वास घेतो. अपबीट एका लयीत आणि पहिला ठोका दुसऱ्या लयीत पडला, की सुरुवात फुटलीच म्हणून समजा. खात्री म्हणून दोन-तीन ठोके आधी देण्याची सवयही वाईट. पहिल्यावर यायचं की तिसऱ्यावर, असा गोंधळ होतो आणि कुणीतरी एकटाच वाजवून बसतो.

पाचव्या सिंफनीची सुरुवात सर्वांच्या ओळखीची आहे, आणि संचालनाच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त घाम तीच फोडते. बार दोन मात्रांचा आहे, पण लय इतकी जलद आहे (स्वतः बीथोव्हेननं दिलेला आकडा मिनिटाला १०८ बार) की अख्ख्या बारला एकच ठोका द्यावा लागतो. त्यात पहिल्या सुराच्या आधी लहानशी विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे कंडक्टरचा ठोका शांततेवर पडतो, आणि तिथून उसळी घेऊन वादक तीन झटपट सूर वाजवतात. लगेच पुढच्या बारला सूर थांबवून धरायचा. तो सोडला की तसाच दुसरा घोष येतो, पण त्यातला धरलेला सूर एक बार जास्त लांब आहे. हात जरा ढिला पडला तर त्या तीन सुरांचं त्रिकूट होतं, म्हणजे तीन सूर सारख्या वजनानं घरंगळतात आणि विश्रांती गायब होते. उपाय एकच : एक अपबीट, अगदी लयीत, आणि हात खाली आल्यावर त्यात काहीही भर घालायची नाही.

आणखी एक अडचण पहिल्यांदा मोठ्या वृंदासमोर उभं राहिल्यावरच कळते. मुरलेले वृंद, विशेषतः जर्मन परंपरेतले, ठोक्याच्या किंचित मागे वाजवतात. आपण हात खाली आणला आणि सूर अजून आला नाही, असं वाटून नवखा माणूस थांबतो. वादक त्याच्यासाठी थांबतात, तो वादकांसाठी थांबतो, आणि दहा बारांत लय मंदावते. तिथे ऐकत ऐकतच पुढे जात राहावं लागतं. हात नेहमी आवाजाच्या पुढेच असायचा.

छडीचं म्हणाल तर ती साधारण ३० ते ४० सेंटिमीटर लांब, लाकडाची किंवा फायबरग्लासची असते. मूठ बुचाच्या लाकडाची नाहीतर साध्या लाकडाची. तोल मुठीजवळ असावा, नाहीतर मनगट दुखतं. अंगठा आणि तर्जनीत धरायची, मूठ तळव्यात टेकवायची, आवळायची नाही. पियरे बुलेझ यांच्यासारखे थोर कंडक्टर छडीविनाच उभे राहत, तेव्हा ती लागतेच असं नाही. पण ऑपेराचे वादक रंगमंचापुढच्या ज्या अंधाऱ्या खड्ड्यात बसतात तिथे पांढरी छडी लांबून दिसते, हा तिचा मोठा उपयोग.

प्रश्न : मला पेटी वाजवता येते, स्टाफ नोटेशनही (पाश्चात्त्य स्वरलिपी) थोडं वाचता येतं. स्कोअर वाचणं वेगळं का मानतात? (सांगली)

पेटी येते म्हणता, तर पेटीवरच समजावून सांगतो. स्कोअरच्या एका पानावर २०-२५ ओळी एकाखाली एक असतात. वर लाकडी फुंकवाद्यं (बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून), त्याखाली हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, मग तालवाद्यं, आणि सगळ्यात खाली तंतुवाद्यं. इथवर ठीक. घोळ असा की सगळ्यांचा 'सा' एक नसतो. एफ हॉर्नच्या कागदावर पांढरी एक लिहिलेली असेल तर प्रत्यक्षात ऐकू येते खालची पांढरी चार. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्यानं पांढरी एक वाचून वाजवली की कानावर येते काळी पाच. तोच वादक ए क्लॅरिनेट उचलतो तेव्हा तीच लिहिलेली पांढरी एक पांढरी सहा होते. डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. व्हायोलाची तर ओळीवरची खूण, म्हणजे क्लेफ, निराळीच.

कंडक्टरनं हे सगळं पान एका नजरेत खऱ्या सुरांत ऐकायचं असतं, आणि तेही वाद्य न वाजवता. तालमीत एका सुरावळीचा रंग बिघडला तर दुसऱ्या हॉर्ननं चुकीचा सूर घेतला की छापणाऱ्यानं चूक केली, हे तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे. भाड्याच्या जुन्या प्रतींत छपाईच्या चुका असतात. आधी स्कोअर आणि भाग ताडून न पाहणाऱ्याचा तालमीतला वेळ त्यातच जातो.

अभ्यासाची एक चांगली पद्धत व्हिएन्नाचे गुरू हान्स स्वारोव्स्की शिकवत, ज्यांच्याकडे मेहता आणि क्लाउडिओ अबाडो शिकले. आधी बारांचे गट पाडायचे : चार, चार, मग तीन, मग पाच, असे. वाक्य कुठे संपतं ते कळलं की श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. मग स्वरमेळ बघायचा, मग लयीचे बदल, आणि सगळ्यात शेवटी कुणाला कुठे इशारा द्यायचा त्या खुणा. बरेच जण उलटं करतात. रंगीत पेन्सिली घेऊन आधी इशाऱ्यांवर गोल काढत सुटतात. त्यातून संगीत कळत नाही, वाहतुकीचा नकाशा तेवढा तयार होतो.

प्रश्न : तालमी किती होतात आणि त्यात काय चालतं? (पुणे)

वृंदागणिक फरक पडतो. एका कार्यक्रमाला तीन ते पाच तालमी, प्रत्येक अडीच-तीन तासांची, हे बऱ्याच ठिकाणचं माप. इंग्लंडमध्ये एखाद-दुसऱ्या तालमीवर भागवणंही नवं नाही.

हिशेब मांडून बघा. अडीच तासांच्या चार तालमी म्हणजे ६०० मिनिटं. प्रत्येकीत २० मिनिटांची सुट्टी धरली तर उरली ५२०. कार्यक्रम ८० मिनिटांचा असेल, तर एकदा सुरुवातीला सलग आणि एकदा शेवटच्या तालमीत सलग वाजवण्यात १६० गेली. हातात राहिली ३६०, म्हणजे फक्त सहा तास. म्हणून कंडक्टर घरूनच यादी करून येतो : कोणते बार अवघड जाणार, कोणते आपोआप बसतील. सुट्टीची वेळ घड्याळाप्रमाणे पाळावीच लागते. वादकांचे करार तसे असतात आणि ते योग्यच आहे. ओठ आणि खांदे त्यांना आयुष्यभर वापरायचे असतात.

क्रमही महत्त्वाचा. ट्रॉम्बोन, ट्यूबा, जादा तालवाद्यं लागणारी रचना आधी घ्यायची, म्हणजे ते मोकळे होतात. त्यांना ४० मिनिटं नुसतं बसवून फक्त व्हायोलिनवर काम करत राहिलं, की मागची अर्धी खोली हातातून गेली.

थांबवल्यावर बोलायचं कसं, यावरून कंडक्टरची पारख वादक पहिल्या दहा मिनिटांत करतात. कोण, कुठे, काय, या क्रमानं आणि एका दमात सांगावं : "दुसरे व्हायोलिन, अक्षर डीच्या आधी चार बार, सूर जरा आखूड." (जागा सापडावी म्हणून प्रतींवर अशी अक्षरं छापलेली असतात.) मग सगळ्यांना जागा सापडेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. अर्ध्यांना जागा सापडली नसताना हात वर करणं ही नेहमीची चूक. चुकीचा सूर एकदा आला तर थांबू नये, वादकाला ते स्वतःला कळलेलं असतं. दुसऱ्यांदा तोच आला तर थांबावं. भाषणं तर करूच नयेत. सूर्योदयाचं वर्णन पाच मिनिटं केल्यावर वादक शेवटी विचारतात ते एवढंच, की मोठं वाजवू की लहान.

तंतुवाद्यांचे गज एका दिशेनं फिरायला हवेत. त्या खुणा पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, म्हणजे कॉन्सर्टमास्टर, आधीच ठरवतो आणि त्या सगळ्या प्रतींवर उतरवल्या जातात. कंडक्टरला काही वेगळं हवं असेल तर ते काही आठवडे आधी कळवायचं. तालमीत ६० माणसं पेन्सिल शोधत बसली तर तो दोष त्याचाच.

प्रश्न : मेहतांना एवढ्या तरुण वयात एवढी मोठी पदं कशी मिळाली? (मुंबई)

घर आणि शिक्षण तर होतंच. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि १९३६ च्या एप्रिलमध्ये झुबिन जन्मले. वैद्यकीय शिक्षणासाठी सेंट झेवियर्समध्ये तयारी सुरू होती. ती सोडून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तिथे संचालनाबरोबर डबल बासही शिकले. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत, म्हणून ते आणि अबाडो गायकवृंदातच भरती झाले आणि समोर उभं राहून तालमी पाहिल्या. आमच्या मते त्यांच्या शिक्षणातला हा सगळ्यात मोलाचा भाग.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय संचालन स्पर्धा त्यांनी जिंकली आणि तिथल्या वृंदात साहाय्यकाचं काम मिळालं. त्यानंतरची वाट मात्र आजारी माणसांच्या जागांवरून गेली. १९६० मध्ये मॉन्ट्रियलला इगॉर मार्केविच यांच्याऐवजी, आणि पुढे लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर यांच्याऐवजी ते उभे राहिले. १९६१ मध्ये मॉन्ट्रियल आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिस, अशी दोन्ही प्रमुखपदं त्यांच्याकडे आली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १९७८ ते १९९१, आणि इस्रायल फिलहार्मोनिकचं संगीत संचालकपद १९७७ पासून २०१९ पर्यंत.

ही बदलीची वाट या पेशात जुनी आहे. लेनर्ड बर्नस्टाइन १४ नोव्हेंबर १९४३ ला, वयाच्या पंचविशीत, ब्रूनो वॉल्टर आजारी पडले म्हणून कार्नेगी हॉलमध्ये तालमीविना उभे राहिले आणि रेडिओवरून देशभर पोचले. याला नशीब म्हणायला हरकत नाही, पण त्या दिवशी तो कार्यक्रम डोक्यात तयार असावा लागतो. म्हणून साहाय्यक कंडक्टरचं खरं काम हेच असतं : सभागृहात मागे बसून आवाजाचा तोल सांगायचा, आणि प्रत्येक कार्यक्रम आपल्यालाच करायचा आहे असं धरून शिकून ठेवायचा.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, व्हायोलिनच्या सहाव्या ग्रेडला आहे. तिला कंडक्टर व्हायचं आहे. काय करू? मुलींना यात वाव आहे का? (पुणे)

व्हायोलिन मुळीच सोडू नका. आठव्या ग्रेडपर्यंत आणि त्यापुढेही न्या. जोडीला आजपासून पियानो सुरू करा, कारण प्रवेश परीक्षेत स्कोअर पियानोवर वाजवून दाखवायला सांगतात. थिअरी आणि कानाची तयारी रोज वीस मिनिटं. स्कोअर वाचायला एकदम सिंफनी देऊ नका. हायडनची स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचना, घ्या : चारच ओळी, त्यात व्हायोलाचा क्लेफ आपोआप येतो. एक ओळ गायची, दुसरी वाजवायची. हे जमायला महिने लागतात, तेवढे द्या.

हातासाठी आरसा आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र. मिनिटाला ६० ठोके ठेवून उजव्या हातानं चारचा नमुना चालू ठेवायचा, आणि डावा हात चार मात्रांत सावकाश वर, चार मात्रांत सावकाश खाली. डावा वर जाताना उजव्याचा नमुना मोठा होत असेल तर अजून हात सुटे झालेले नाहीत. रोज दहा मिनिटं पुरे.

आणि वृंदात बसू द्या, अगदी दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या खुर्चीवर का होईना. समोरच्या माणसाच्या कोणत्या हालचालीनं आपल्याला मदत होते आणि कोणत्या हालचालीनं गोंधळ, हे तिथूनच कळतं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे आणि त्याची संगीत अकादमीही आहे. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन १९९५ पासून मुलांना शिकवतं. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पुढे संचालनासाठी व्हिएन्ना, हेलसिंकीची सिबेलियस अकादमी, लंडन अशा ठिकाणी जाता येतं. अर्जासोबत व्हिडिओ लागतो. त्यात कॅमेरा वादकांच्या बाजूनं ठेवून कंडक्टरचा चेहरा आणि हात दिसायला हवेत. आठ-दहा मित्रमैत्रिणी जमवून केलेलं चित्रीकरणही चालतं, पाठमोरं नको.

शिक्षणानंतर दोन वाटा. जर्मन भाषक देशांत ऑपेरागृहात पियानोवर गायकांच्या तालमी घेण्यापासून सुरुवात करून पायरी पायरीनं वर चढायचं. किंवा बेझांसाँ (१९५१ पासून), कोपनहेगनची माल्को (१९६५ पासून), बांबेर्गची मालर (२००४ पासून) अशा स्पर्धा. वयाची अट बहुतेक ठिकाणी पस्तिशीच्या आसपास असते, तेव्हा घाई नाही.

मुलींबद्दल : दार उशिरा उघडलं, पण उघडलं आहे. मॅरिन ऑल्सप २००७ मध्ये बाल्टिमोर सिंफनीच्या संगीत संचालक झाल्या आणि २०१३ मध्ये लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र संचालित करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. जर्मनीतल्या बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवात मात्र पहिली स्त्री कंडक्टर, ओक्साना लिनिव, २०२१ मध्ये आली. तुमच्या मुलीला जाऊ द्या, पण तयारी पक्की करून.

प्रश्न : हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याचे कंडक्टर असत असं ऐकतो. ते हेच काम का? (मडगाव)

बरंचसं हेच, आणि वर आणखी एक. संगीतकार चाल देई. तिला वाद्यमेळात बसवून प्रत्येक वाद्याचा भाग स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचं काम अरेंजरचं, आणि रेकॉर्डिंगला पुढे उभा राहणाराही बहुधा तोच. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून नोटेशन शिकून आलेल्या वादकांना हे येत होतं, म्हणून मुंबईला त्यांची गरज पडली. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेलं काम, फ्रँक फर्नांड, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्यांनीच १९५८ मध्ये भारतीय रागसंगीत सिंफनीच्या वादकांकडून वाजवून घेण्यासाठी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला.

गायक आणि सगळे वादक एकाच वेळी रेकॉर्ड होत त्या काळात शेवटच्या ओळीत एकाची चूक झाली तरी पूर्ण गाणं पुन्हा घ्यावं लागे. मैफलीत चुकलेला सूर हवेत विरून जातो, तिथे तो कायमचा टेपवर राहणार. या मंडळींच्या हातांवर किती भार होता, याची नोंद आपण फारच उशिरा घेतली.

प्रश्न : एवढे हात हलवून दुखत नाहीत? (कोल्हापूर)

दुखतात. खांदा, मान आणि कंबर, याच क्रमानं. ठोका खांद्यापासून दिला तर दोन तासांत खांदा भरून येतो. कोपर आणि मनगट वापरायला शिकावं, आणि स्टँड इतकं खाली व सपाट ठेवावं की हात त्यावर अडखळणार नाही आणि वादकांनाही तो दिसेल. चौथऱ्याला मागच्या बाजूनं कठडा असावा. २०१२ मध्ये पॅरिसला जर्मन कंडक्टर कुर्ट माझूर संचालन करतानाच चौथऱ्यावरून खाली पडले होते. एरवी हा पेशा दीर्घायुषी आहे : १९२७ मध्ये जन्मलेले हर्बर्ट ब्लोमस्टेट नव्वदी उलटल्यावरही तालमी घेत होते.

प्रश्न : सिंफनी ऐकायला जाणार आहे. मध्येच टाळ्या वाजवल्या तर चुकतं म्हणतात. संपलं हे ओळखायचं कसं? (डोंबिवली)

सिंफनीचे बहुधा चार भाग असतात, कार्यक्रमपत्रिकेत ते ओळीनं दिलेले असतात. प्रत्येक भागानंतर थोडी शांतता असते, तिथे टाळ्या वाजवत नाहीत. ते मोजायचं नसेल तर कंडक्टरच्या हातांकडे बघा. शेवटचा सूर थांबला तरी हात वर असतील, तर त्याच्या लेखी संगीत अजून चालू आहे. हात खाली आले, खांदे सैल झाले आणि तो तुमच्याकडे वळला, की मनसोक्त वाजवा.